टाकीच्या दिवशीचा मान

"दाने टाका रे कोनी! दगड दगडाले खाऊन राहिला!"

आबा ओरडत होते. आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, आवाज साधा नव्हता. ते आमच्या पाणचक्कीच्या दारातून ओरडले की सातपुड्यातलं अस्वल वाट बदलतं, असं सांगत. सांगत म्हणजे आबाच सांगत. त्या सकाळी मात्र अस्वल तर सोडाच, अंगणातली कोंबडीसुद्धा हलली नाही. पाटातून पाणी सुटलं होतं, खाली चाक गरगरत होतं, आणि वरचा दगड खालच्या दगडावर कोरडाच फिरत होता. दोन्हींच्या मधून ठिणग्या निघत होत्या आणि चकमकीचा जळका वास थेट चुलीपर्यंत आला होता. अंगणात तीनशे बाया दाण्याच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. बरं, तीनशे नसतील, तीस असतील. पण एरवी त्यांचा गलका तीनशेंचा असे आणि त्या दिवशी त्या तीसही गप्प होत्या, म्हणून हिशेब चुकतो. "जवारी टाका, बाजरी टाका, नाही तं मलेच टाका वरून!" आबा म्हणाले. तरी एकही उठली नाही. जी ती आपल्या टोपलीवरचं फडकं नीट करत बसली.

आता, तीस बाया दळायला येतात, चक्की फिरते आहे, आणि कोणीच दाणे घालत नाही, हे असं कसं, ते सांगायचं तर आधी नदी सांगावी लागेल. आमची नदी झिंगरी. गाविलगडाच्या खालच्या अंगाला कुठेतरी निघायची आणि वाकडीतिकडी होत आमच्या गावापर्यंत यायची. पावसाळ्यात ती बैल वाहून नेई आणि चैत्रात त्याच बैलानं एकदा तोंड लावलं की संपे. एका उन्हाळ्यात पाटलांची भुरी म्हैस वरच्या डोहात जाऊन बसली, तर खालच्या दोन गावांत नदी आटली म्हणून बोंब झाली; संध्याकाळी म्हैस उठली तेव्हा त्याच गावांत पूर आला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आता मला म्हशीचं तोंडसुद्धा आठवतं. झिंगरीला दोन नाले मिळत. एक खारा नाला, त्याच्या पाण्यात तुरीची डाळ दिवाळीला चढवली तर संक्रांतीला शिजायची. दुसरा आंधळा नाला, तो जांभळांच्या दाटीतून येई, त्याच्यावर कधी ऊन पडत नसे म्हणून आंधळा. त्याचं पाणी इतकं गोड की बाया म्हणत, घागर नुसती डाळीला दाखवा, पुरे. हे दोन नाले झिंगरीला जिथं भेटत, त्या कोपऱ्यावर आमची चक्की होती.

नदीवर चक्क्या तीन. वरची नथ्थूजींची, मधली आमची, आणि खालची एका पुरात कोसळलेली. तिचे दगड नदीत पडले होते आणि त्यांच्यावर बाया धुणं धूत. ह्या चक्क्या कोणी बांधल्या ह्यावर गावात जितकी तोंडं तितकी मतं होती. आमचे आजोबा म्हणत, गडावरच्या फौजेच्या घोड्यांचा हरभरा भरडायला बांधल्या, आणि घोडे होते आठ हजार. पुढे शाळेच्या सहलीबरोबर मी गड पाहिला. आठ हजार घोडे तिथं ठेवायचे तर एकावर एक रचावे लागले असते. पण आजोबांपुढे हे बोलायची सोय नव्हती, ते तेव्हा वारले होते. चक्कीची रचना मात्र खरोखर शहाण्या माणसाची होती. नदीचं पाणी पाटानं वळवून आणायचं, ते उतारावरून जोरानं खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर पडायचं, चाकाचा खांब सरळ वर येऊन वरच्या दगडाला फिरवायचा. दगडाच्या वर दाण्याचं लाकडी टोपलं टांगलेलं. त्याला एक काठी बांधलेली, ती फिरत्या दगडावर टकटक आपटत राही आणि त्या हिसक्यानं दाणे थोडे थोडे खाली पडत. बस्स, एवढंच. तेल नाही, धूर नाही, आणि पीठ थंड. आता नातू मला वीज वाचवायच्या गोष्टी सांगतो, तेव्हा मी त्याला म्हणते, बाप्पा, आम्ही वाचवत नव्हतो, आमच्याकडे नव्हतीच.

चक्की आणि घर ह्यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पिठाला अडवत नसे. आमच्या घरी सगळंच पांढरं. मांजर काळं होतं, हे आम्हाला पावसाळ्यात ते भिजल्यावर कळे. आबांच्या मिशा तिसाव्या वर्षी पांढऱ्या झाल्या आणि पोळ्याच्या दिवशी अंघोळ केली की पुन्हा काळ्या. रात्रंदिवस कानात तीन आवाज: पाटाच्या पाण्याचा, दगडाचा घुमारा आणि त्या काठीची टकटक. माझा धाकटा भाऊ ह्या आवाजात जन्मला आणि ह्या आवाजात झोपायला शिकला. चक्की थांबली की तो पाळण्यात दचकून उठायचा आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत गाव डोक्यावर घ्यायचा. खाणं म्हणाल तर जवारी. सकाळी जवारीची भाकर आणि जवसाची चटणी, दुपारी भाकर आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी ताकातल्या कण्या, आणि सणाला बदल म्हणून भाकरच, पण लोण्याबरोबर. तरी ते पीठ असं होतं की माय परातीत थापायला घेई तेव्हा शेजारच्या घरातली म्हातारी वासानं विचारी, "आज नवी जवारी काढली का वो?" माय उत्तर देत नसे. माझी माय दिवसातून सात शब्द बोलायची, त्यातले चार भाकरीबद्दल.

होळी झाली की नदी बारीक होई. मग चक्की रोज चालणं शक्य नसे. वर नथ्थूजी आपल्या बांधात पाणी साठवत, दळत, आणि दर चौथ्या सकाळी उरलेलं सगळं पाणी एकदम खाली सोडत. ते आमचं. आमच्या बाजूला साठवायला जागा नव्हती. आलं की दळायचं, नाही दळलं की गेलं. पाणी सुटल्याची वर्दी नथ्थूजींचा कुत्रा आणत असे. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बांधाची मोरी उघडली की तो पाण्याच्या लोंढ्याशी शर्यत लावून काठानं पळत सुटे आणि पाण्याच्या एक चिलीमभर आधी आमच्या अंगणात पोचे. कुत्रा आला की आबा उठत, मी पाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राही. तिथं एक फळी होती. ती खाली असली की पाणी बाजूच्या चरातून नदीला जाई, उचलली की चाकावर. ती उचलणं माझं काम. शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव वत्सला होतं, पण गावात मी वच्छी, फळीवाली.

आणि मग पाळी. दळणाची पाळी आमच्याकडे कोणी ठरवलेली नव्हती, म्हणजे ती सगळ्यांनाच पाठ होती. आधी पाटलांचं दळण, मग मोठ्या शेतकऱ्यांचं, मग बाकीच्यांचं, आणि सगळ्यात शेवटी नाल्यापलीकडच्या वस्तीचं. वस्तीतल्या बाया अंगणात येत नसत, बाभळीखाली बसत. उन्हाळ्यात पाणी शेवटपर्यंत पुरलं तर त्यांचं दळण होई. नाही पुरलं तर त्या टोपल्या उचलून परत जात आणि चौथ्या दिवशी पुन्हा येऊन शेवटी बसत. त्यात भागरथा म्हणून एक बाई होती, उंच, सडसडीत, वस्तीच्या बायांच्या पुढं चालणारी. माझ्या मायपेक्षा वयानं मोठी. आम्ही पोरंटोरं तिला भागरथे अशी हाक मारत असू. तेव्हा त्यात काही वाटत नसे, आणि ज्याचं काही वाटत नाही ते माणसाच्या फार काळ लक्षात राहतं, हे मला आता कळतं.

फक्त एका दिवशी पाळी उलटी होई. दळून दळून चक्कीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावायला लागायची. परतवाड्याकडून एक जण छिन्नी-हातोडी घेऊन येई, वरचा दगड उलटा पाडून दिवसभर टकटक करत त्याला चरे पाडी, खालच्यालाही पाडी, आणि संध्याकाळी पाहुणचार घेऊन जाई. दुसऱ्या दिवशी दळण सुरू होताना आबा बाभळीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारत, "चला भागरथे, आज तुमचा मान पयला!" मग वस्तीच्या बाया आपल्या टोपल्या पुढे सरकवत, आणि त्या दिवशी त्यांचं दळण पाटलांच्याही आधी होई. मला आबांचा अभिमान वाटे. मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं की आमच्या चक्कीवर सगळ्यांना न्याय आहे, वर्षातून पाच-सहा दिवस तरी.

मग एका दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला गेली आणि पांढरे कपडे घालून परत आली. परत आल्यावर त्यांनी घरातले देव टोपल्यांत घालून झिंगरीत सोडले. देव पितळेचे, ते बुडाले. टोपल्या तरंगल्या आणि वाहत वाहत आमच्या पाटाच्या तोंडाशी येऊन अडकल्या. चक्की थांबली, धाकटा भाऊ रडायला लागला, आणि आबा गुडघाभर पाण्यात उतरून त्या टोपल्या काढू लागले. काढून त्यांनी त्या उन्हात वाळवल्या, एकदा पाया पडले आणि कोंबड्या झाकायला वापरायला घेतल्या. गावात त्या गोष्टीवर पुष्कळ बोलणी झाली. नाल्यापलीकडे काही तरी बदललं आहे, असं लोक म्हणत. पण पुढे हिवाळाभर वस्तीच्या बाया बाभळीखालीच बसल्या आणि शेवटीच दळून गेल्या, तेव्हा लोक म्हणू लागले, काही नाही, कपडेच बदलले.

त्या फाल्गुनात, होळी झाल्यावर, पाटलांच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. पाच गावांना पुरणपोळीचं जेवण. लग्न चार दिवसांवर आणि दळायचा गहू इतका, की तो बैलगाडीतून आला तेव्हा बैल गुडघ्यांवर चालत होते. पोळीला पीठ मऊ लागतं, म्हणून पाटलांनी आबांना सांगून आधल्या दिवशी मुद्दाम टाकी लावून घेतली. सकाळी गव्हाच्या गाडीमागोमाग पाटलीणबाई स्वतः छकड्यात बसून आल्या. त्यांना वाटे, आपण समोर नसलो तर आपलं पीठ बदललं जातं. अंगण भरलं. बाभळीखाली भागरथा आणि वस्तीच्या सात-आठ बाया बसल्या. नथ्थूजींचं पाणी यायचा तोच दिवस होता. पुढचं पाणी यायचं ते थेट चौथ्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या सकाळी.

आबांनी धोतर खोचलं आणि नेहमीसारखी हाक मारली. "चला भागरथे, आना टोपल्या. आज तुमचा मान पयला!"

भागरथा उठली नाही. "आज आमी शेवटी दळू, भाऊ," ती म्हणाली. "रोजच्यासारखं."

एरवी ती आबांना मालक म्हणे. आबांना त्या भाऊचं काय करावं ते कळेना. अंगावर पडलेलं झुरळ झटकावं तसा त्यांनी खांदा झटकला.

"अवं, काल टाकी लावली ना! टाकीच्या दिवशी तुमी पयल्या असता."

"मालूम हाये."

"मंग?"

"मंग काई नाही. शेवटी दळू."

तेवढ्यात नथ्थूजींचा कुत्रा जीभ काढून अंगणात आला. आबांना तेव्हा दोन गोष्टी करता आल्या असत्या. दाणे टोपल्यात पडेपर्यंत फळी खालीच ठेवायची, किंवा थोडा विचार करायचा. पण चक्कीवर इतकी वर्षं जे झालं ते आजही होणारच, ही त्यांची खात्री दगडाइतकीच जड होती. बाई कुरकुरते आहे, पाणी पाहिलं की उठेल. ते मला म्हणाले, "वच्छे, उचल फळी!" मी उचलली. पाणी चाकावर आदळलं, दगड फिरू लागला, आणि वरचं टोपलं रिकामं. कोरडा दगड फिरू देऊ नये हे चक्कीवरच्या मांजरालाही माहीत होतं. कालच पाडलेले चरे घासले जातात, दगड पुन्हा गुळगुळीत होतो. आणि फळी टाकावी तर पाणी चरातून नदीला, लग्नाचा गहू तसाच, आणि पाच गावांच्या पंगतीला पोळ्यांच्या जागी आबांचं तोंड. म्हणून ते ओरडत होते.

"पाटलीनबाई, तुमचा गहू टाकू का?" आबांनी विचारलं.

"माहा?" पाटलीणबाई छकड्यातून म्हणाल्या. "लग्नाच्या पोळीत कच? व्याही काय म्हनतील!"

"बरं, सरूबाई, तुमची जवारी द्या."

"माह्या घरी पाहुने हायेत वो."

"अन् तुमी, काकू?"

"माह्या सासऱ्याले एक बी दात नाही, त्यायले कचीची भाकर कशी देऊ?"

"दातच नाही तं कच लागते कायले!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि एवढ्या गोंधळात अंगण खदखदून हसलं. पाटलीणबाईसुद्धा हसल्या. मी फळीशी उभी होते. मी हसले नाही, कारण मी विचार करत होते. आमच्या चक्कीवर वाढलेली मी, इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं, की टाकी लावल्यावर पहिल्या पायलीत दगडाची कच, म्हणजे बारीक खडे, उतरते. रीतीनं पाहिलं तर आधी पायलीभर कोंडा फिरवून तो गुरांना घालावा. आमच्या आजोबांनी, आठ हजार घोड्यांच्या आजोबांनी, कोंडा वाचवायची युक्ती काढली होती. उन्हाळ्यात ज्यांचं दळण होईल की नाही ह्याचा भरवसा नसतो, त्यांना एक दिवस पहिलं बोलवायचं. ते येतात. त्यांना पीठ मिळतं, दगड साफ होतो, आणि ह्याला मान म्हणायचं.

हसणं थांबल्यावर भागरथा बाभळीखालून म्हणाली, "इतके साल मान, मान म्हनत होते. घ्या ना वो बाई. कोनी तरी घ्या मान."

पुन्हा कोणी उठलं नाही. दगड खडखडत होता. पाटलीणबाईंचा चेहरा आता लाल झाला होता. "चक्कीवाले, हिचं दळन बंद करा," त्या म्हणाल्या. "नागपूरहून आल्यापासून लय शहानी झाली हे."

"करा बंद," भागरथा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पाण्याच्या आवाजात ऐकू यावा एवढाच मोठा होता. "अकोटच्या वाटेवर इंजिनची चक्की लागली हाये, बाई. तीन कोस. तथी डबा ठेवला की नंबर लागते. डबा कोनाचा हाये, इंजिन इचारत नाही."

इंजिनच्या चक्कीचं नाव निघालं आणि आबांनी दाराची चौकट धरली. त्या चक्कीचा पुक-पुक आवाज वारा दक्षिणेचा असला की आमच्या अंगणात ऐकू यायचा, आणि तो ऐकू आला की आबा विनाकारण मोठ्यानं बोलू लागत. आज वस्ती तिकडे गेली तर उद्या आणखी कोणी जाईल, हे त्यांना कळत होतं. भागरथालाही कळत होतं. पण जवारीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तीन कोस जायचं आणि तीन कोस यायचं, हेही तिलाच करावं लागणार होतं, आबांना नाही. ती बाभळीखाली बसून राहिली आणि आबा दारात उभे राहिले. दोघांच्या मधून पाणी चाललं होतं.

तेवढ्यात घराच्या दारातून माय बाहेर आली. डोक्यावर आमच्या कणगीतल्या जवारीचं डालं. ती अंगणातून सरळ चालत चक्कीत गेली. बायांनी वाट दिली. तिनं डालं आबांच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "दगड आपला हाये ना? मंग दाने बी आपलेच टाका."

नऊ शब्द. त्या दिवसाचे सात संपले आणि उद्याचे दोन उसने घेतले.

एक पायली पुरली असती. दगड साफ झाला असता आणि तेवढं पीठ बाजूला काढता आलं असतं. पण आबांचा राग कधी पायलीनं मोजता आला नाही. त्यांनी डालं उपडं केलं. मग कणगी गाठली, पोतं ओढत आणलं, तेही वर ओतलं. "घ्या!" ते म्हणाले, कोणाला ते त्यांचं त्यांनाच माहीत. "हा घ्या मान!" काठी टकटक करू लागली, दगडाचा खडखडाट थांबून घुमारा सुरू झाला, आणि पाळण्यातला भाऊ, जो मघापासून रडत होता, झोपला. आमचं महिन्याचं पीठ, कचीचं आणि बिनकचीचं एकत्र होऊन, लाकडी पेटीत पडू लागलं. ते झाल्यावर पाटलांचा गहू. मग बाकीच्या बाया. त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं म्हणून दळण भराभर उरकलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. खरं म्हणजे आंधळ्या नाल्याला त्या साली पाणी जरा बरं होतं. वस्तीची पाळी आली तेव्हा पाट निम्म्यावर होता आणि दगड खाटकाकडे निघालेल्या बैलासारखा फिरत होता. भागरथाची टोपली अगदी शेवटची. तिचं पीठ जाडं आलं, अर्ध्याच्या तर कण्याच. तिनं मूठभर तळहातावर घेऊन बोटानं चोळून पाहिलं, एक चिमूट जिभेवर ठेवली. मग टोपली डोक्यावर घेतली. "येतो भाऊ," म्हणाली आणि गेली.

लग्न नीट झालं. पोळ्या मऊ झाल्या, व्याही खूष झाले. आणि आमच्या घरी कचीची भाकर सुरू झाली. गुरांना पोतंभर पीठ घालायला आमची गुरं काही पाटलांची नव्हती. आबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, दुसरी जवारी दळून घेऊ. माय म्हणाली, "हे सरू द्या." मग काय, ते सरेपर्यंत आमच्या घरातलं जेवण गावाला ऐकू जायचं. घास घेतला की कर्र. भाजी मऊ, चटणी मऊ, भाकर पण मऊ, आणि मधेच कर्र. असा घास चावला की अंगावर शहारा येतो तो टाळूपासून टाचेपर्यंत जातो आणि परत येताना वाटेत काही तरी घेऊन येतो. आजोबांच्या वेळची आत्याबाई आमच्याकडे राहायला आली होती. ती पहिल्या जेवणानंतर म्हणाली की तिला गावची आठवण येऊन राहिली, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "इंजिन बसवलं का घरात?" आबा आधी दातानं चावत, मग दाढेनं, मग एका बाजूनं, मग पाण्यात भिजवून. कच तिथंच. तिसऱ्या आठवड्यात त्यांची एक दाढ गेली. ते ती हातात घेऊन बराच वेळ अंगणात बसले होते. कोणाला ओरडले नाहीत. त्यानंतर आमच्या चक्कीवर टाकीच्या दुसऱ्या दिवशी आधी पायलीभर कोंडा फिरू लागला. आबांनी कोणाला काही सांगितलं नाही. एका सकाळी कोंड्याचं पोतं चक्कीत ठेवलेलं होतं एवढंच. वस्तीच्या बाया बाभळीखालून अंगणात यायला मात्र आणखी पुष्कळ दिवस लागले, आणि त्या आल्या तेव्हा चक्कीवर येणारेच थोडे उरले होते. इंजिनची चक्की आमच्या गावात आली. मग वर सरकारी बांध झाला आणि नथ्थूजींच्या कुत्र्याला पळवत आणणारं पाणी संपलं. आज मी अमरावतीत मुलाच्या घरी राहते, पीठ पिशवीतून येतं, आणि ते कुठल्या दगडातून आलं हे मी विचारत नाही. मध्ये एकदा गावी गेले होते, तर आमचा वरचा दगड बस थांब्याजवळ उभा करून कोणी त्याच्यावर गावाचं नाव रंगवलं आहे. नाव चुकीचं लिहिलंय, पण दिसतं लांबून.

ते पीठ अजून घरात होतं तेव्हाची गोष्ट. मी धुणं घेऊन नदीवर गेले होते, खालच्या चक्कीच्या दगडांपाशी. भागरथाबाई पलीकडच्या दगडावर गोधडी धूत होत्या. आमच्या दोघींच्या मधून पाणी घोट्यापर्यंत होतं. त्या सकाळीच माझ्या भाकरीत एक मोठा खडा आला होता आणि जीभ अजून तो दात चाचपत होती. मी आबांचं धोतर पिळून ठेवलं. मग विचारलं, "भागरथाबाई, ते पीठ तुमी कसं खात होत्या वो?"

"कोनतं?"

"टाकीचं."

त्यांनी गोधडी उचलून दोनदा दगडावर आपटली, पिळली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चावाचं नसते. गिळाचं असते."